भोंबलच्या तक्रारी

"आज मात्र याला घेऊनच जा," फाटक उघडता उघडता निर्मलाकाकू म्हणाल्या. "फार झालं."

मधुवंतीने चपलांवरची धूळ झटकली. कोलकात्याच्या सियालदह स्टेशनाहून बराकपूरपर्यंत लोकल, तिथून टोटो म्हणजे बॅटरीवरची रिक्षा, आणि टोटोवाला अडून बसला की शेवटचा मैलभर रस्ता पायी. तिचे रविवार असेच जात होते. वाटेतल्या काटेसावरी लालभडक झाल्या होत्या, आंब्याला मोहोर आला होता, आणि तिला एवढंच वाटत होतं की कुठेतरी पाठ टेकावी.

"आता काय केलं त्याने?"

"घोरतो. रात्रभर."

"कुत्री घोरतात, काकू."

"आमचे हेही घोरायचे. अडतीस वर्षं ऐकलं. ते गेल्यावर आता कुत्र्याचं कशाला ऐकू?"

भोंबल ओसरीवर पसरला होता. तांबूस, दहा वर्षांचा, मागच्या एका पायाने लंगडा. याआधी दोन घरांनी त्याला परत पाठवलं होतं. एका घरी तो फार म्हातारा ठरला, दुसऱ्या घरी शेजाऱ्यांनी कटकट केली. बेवारशी जनावरांना घरं शोधून देणारी एक लहानशी संस्था होती. तिच्यातर्फे मधुवंतीनेच पावसाळा सरताना त्याला इथे आणून सोडलं होतं. काकूंनीही नको म्हटलं, तर त्याला चौथं दार उघडणार नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दिवाळीनंतर एकदा तिने काकूंना सांगून ठेवलं होतं, "काही तक्रार असली तर मलाच फोन करा. संस्थेच्या ऑफिसात कुणी उचलत नाही."

काकूंनी ते मनावर घेतलं. दर शनिवारी संध्याकाळी फोन ठरलेला. भोंबल तुळस हुंगतो. भोंबल दूधवाल्यावर भुंकतो. पुढच्या आठवड्यात, भोंबल दूधवाल्यावर भुंकत नाही, मग राखण कसली करणार? मधुवंती यायची, तक्रारीचा अर्ज भरायची, काकू सही करायच्या, आणि मग ती म्हणायची, "सध्या तिकडे जागा नाही. आठवडाभर सांभाळा, पुढच्या रविवारी बघू."

हे किती दिवस ओढायचं? आज काय ते सांगून टाकायचं, असं तिने गाडीत बसल्या बसल्याच ठरवलं होतं.

आत दोन ताटं मांडून ठेवलेली होती. तव्यावर थालीपीठ होतं आणि कढईत शेवग्याच्या फुलांची भजी. फुलं खायला काकू इथल्याच बायकांकडून शिकल्या होत्या. काका बराकपूरला सरकारी नोकरीत होते. निवृत्त झाल्यावर झाडं लावता येतील म्हणून त्यांनी गावाबाहेर हे घर बांधलं, आणि झाडांना पहिला मोहोर यायच्या आतच ते गेले.

भोंबल लंगडत आत आला आणि काकूंच्या पावलावर हनुवटी ठेवून झोपला. काकूंनी पाय हलवला नाही. थंडी सरली तरी त्याच्या अंगात काकांच्या जुन्या स्वेटरची बंडी होती. तिचा काठ बारीक टाक्यांनी दुमडलेला होता.

"संक्रांतीचा डबा आणलास?" काकूंनी विचारलं.

"विसरले."

"विसर. तुझा पत्ता असता तर तिळगूळ वेळेवर पोस्टाने तरी पाठवला असता. इथे येईपर्यंत लाडवांचे दगड झाले."

"छान होते."

"दात शाबूत आहेत म्हणून म्हणतेस. आईचा फोन?"

"येतो मधूनमधून. पुण्यात बाबांची बँक घराजवळच आहे. रमले दोघं."

"आणि तू?"

"मी काय. माझी काम असते."

"माझं काम असतं," काकूंनी सुधारलं. "कॉम्प्युटरवर दिवसभर बसतेस ते ठीक. आठवडाभर मराठी बोलतेस कुणाशी?"

मधुवंतीने थालीपीठाचा तुकडा मोडला आणि लोण्यात बुडवला. बाहेर तळ्याच्या काठी कोकिळ एकसारखा ओरडत होता. तिला त्याचाही शीण येत होता.

"काकू, एक सांगायचं होतं."

"आधी अर्ज लिही. मग सांग काय ते. तुझी गाडी चुकेल."

तिने पिशवीतून अर्ज काढला. झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स. वरचं संस्थेचं नाव पुसट राखाडी पट्ट्यासारखं दिसत होतं. तिने तारीख घातली. जनावराचं नाव, भोंबल. तक्रारीचं स्वरूप, घोरतो. तिचा हात तिथे थांबला.

"खरंच द्यायचाय का त्याला परत?" तिने खाली बघतच विचारलं.

"तू नेतेस का?"

"तिकडे जागा नाही सध्या."

"मग विचारतेस कशाला?" काकूंनी चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला. "काय गं हे, अक्षरसुद्धा लागत नाही. पुढच्या वेळी कोरा कागदच आण."

"नाही चालत, काकू. संस्थेचाच अर्ज लागतो. नियम आहे."

काकूंनी सही केली. खाली रेघ ओढली, पेनाचं टोपण लावलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला. पावलावर भोंबल घोरायला लागला होता.

"संक्रांतीला मी ऑफिसात फोन केला होता, तुझा पत्ता विचारायला," काकू म्हणाल्या. "पहिल्याच घंटेला उचलला. तिथल्या बाई म्हणाल्या, मधुवंतीने दिवाळीतच आमच्याकडचं काम सोडलं." त्यांनी उरलेली भजी तिच्या ताटात वाढली. "आणि घोरणं आता दोनदा झालं. पुढच्या रविवारी चावतो असं लिही."