वत्सलाताईंची खरखर

ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या फरिदाने तिसऱ्यांदा आवाजातली खरखर पुसली आणि तिसऱ्यांदा वत्सलाताईंनी हात वर करून तालीम थांबवली. चार वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मैफलीला दोन तास उरलेले.

कर्करोगात ताईंचा गळा गेला, तेव्हापासून मानेवरची इलेक्ट्रॉनिक पट्टी त्यांच्या नसांमधलं गाणं ओळखायची आणि तरुणपणच्या रेकॉर्डिंगमधून तो तो सूर उचलून स्पीकरवर सोडायची. सूर अगदी लख्ख. पण त्यामागे नसांची खरखर यायचीच.

"ताई, लोक तुमचा आवाज ऐकायला येतात, हा कचरा ऐकायला नाही!"

"तानपुऱ्याची जवारी, ती तारांची गुणगुण, पुसशील का गं?" स्पीकरमधून ताईंचा पंचविशीतला आवाज म्हणाला. "एकदा सूर बंद करून बघ."

ताई गाऊ लागल्या. फरिदाने चिडूनच सुराची कळ शून्यावर ओढली. नुसती खरखर उरली. ती हळूहळू चढली, मध्येच दमली, तार षड्जाच्या उंच सुरापाशी घाबरून कापली आणि तरीही मागे फिरली नाही.

फरिदाचा हात कळीवरच राहिला. चार वर्षं ती हेच पुसत आली होती.