कुलूपबंद घड्याळ

बोरीतल्या लोकांच्या पत्रिका सांबप्पा पंचांग घेऊन हातानं जुळवायचे. लेकाच्या लग्नाची मात्र लेकानंच घरच्या कॉम्प्युटरवर जुळवून दाखवली होती, बत्तीस गुण. आता डोळे थकले म्हणून त्यांनीही कॉम्प्युटर धरला, तर त्याचं घड्याळ परदेशातलं! सगळं गणित त्यावर. अन् टाइम झोन बदलावा तर लेकानं घातलेलं पासवर्डचं कुलूप, अन् लेक गेलेला परगावी. सुनेनं नवऱ्याला सुचतील ते सगळे शब्द घालून पाहिले, शेवटी लाजत स्वतःचं नाव टाकलं. कुलूप उघडलं, घड्याळ ताळ्यावर आलं. पडताळा म्हणून सांबप्पांनी लेक-सुनेचीच पत्रिका परत जुळवली. गुण आले अकरा. “मामा, म्हंजे ह्यांनी तवा मुद्दाम…” सुनेचा चेहरा पडला. सांबप्पांनी तिच्या कडेवरच्या खिदळणाऱ्या नातीकडं पाहिलं. “पयलंच घड्याळ बरं व्हतं, माय. लाव परत कुलूप,” म्हणत ते हसले अन् चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पंचांग उघडलं.