सामाईक भिंत

भिंतीतला शेवटचा स्क्रू सुटला आणि येल्मरने स्पीकर दोन्ही हातांनी अलगद उतरवला. त्याची बायको माइके खाली शिडी धरून उभी होती.

"झालं तुझं समाधान?" तो म्हणाला.

"माझ्या समाधानाचा प्रश्न नाहीये. पलीकडे आजारी माणूस आहे."

पलीकडे म्हणजे एव्हर्टच्या घरात. नेदरलँड्समधल्या आसेन गावातल्या त्या गल्लीत सगळी घरं एकमेकांना चिकटून होती. येल्मरच्या मागच्या खोलीची डावी भिंत एव्हर्टचीही भिंत होती.

ही खोली येल्मरने फार हौसेने सजवली होती. समोर पडदा, मधोमध सोफा, पडद्याच्या दोन्ही अंगांना स्पीकर. आणखी दोन सोफ्याच्या डाव्या-उजव्या भिंतींवर, जरासे मागे, बसलेल्या माणसाच्या कानाच्या थोडे वर. त्यांतला डावा नीट जागेवर बसेपर्यंत त्याने कितीतरी रविवार घालवले. तो बसला, आणि पडद्यावरचं विमान पाठीमागून येऊन डोक्यावरून पुढे जाऊ लागलं. येल्मरने माइकेला हाताला धरून आणून सोफ्यावर बसवलं होतं आणि डोळे मिटायला सांगितलं होतं.

भांडण तेव्हापासूनचं. सिनेमा लागला की पलीकडून भिंतीवर काठी आपटायची. मागोमाग एव्हर्टचा आवाज. शब्द कळत नसत, पण शिव्या आहेत हे कळायचं. येल्मर कधी आवाज कमी करायचा, कधी मुद्दाम वाढवायचा. "थेरड्याला दुसरा उद्योग नाही," म्हणायचा. दोन हिवाळे असेच गेले.

मग बेकरीच्या रांगेत समोरच्या घरातल्या बाईने माइकेला सांगितलं. एव्हर्टला स्मृतिभ्रंश झालाय. जिना चढवत नाही म्हणून त्याची खाट खाली, मागच्या खोलीत, भिंतीला लागून टाकलीय. आता तर बायकोलाही ओळखत नाही. माइकेने घरी येऊन पावाची पिशवी ओट्यावर ठेवली आणि कोट न काढताच हे सगळं येल्मरला सांगितलं. थोड्या वेळाने उठून त्याने शिडी आणली.

भिंतीवरचा स्पीकर सोफ्याशेजारी लोखंडी स्टँडवर आला. विमान आता एका बाजूने निघायचं आणि मध्येच कुठेतरी हरवायचं. येल्मरने तक्रार केली नाही. आवाज तर इतका हळू ठेवायचा, की माइकेला पडद्याखालच्या ओळी वाचाव्या लागत. काठी थांबली. बाहेर नोव्हेंबर लागला, दुपारीच अंधारून येऊ लागलं, आणि दोन्ही घरं गप्प झाली.

"चांगलं केलंस," एकदा माइके म्हणाली. त्यालाही तसंच वाटत होतं.

एका रविवारी दुपारी घंटी वाजली. दारात आलिदा उभी होती, एव्हर्टची बायको. एवढ्या वर्षांत तिने या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. कोटाची बटणं एक घर चुकून लागली होती. आभार मानायला आली असेल, असं येल्मरला वाटलं. माइकेने कॉफी केली, बिस्किटांचा डबा पुढे धरला. आलिदाने एक घेतलं आणि ते तसंच हातात ठेवलं.

"शेजारीणबाई, आधी माहीत असतं तर आम्ही..." येल्मर अडखळला. "आता त्रास होत नाही ना?"

"तेच विचारायला आले. तुमचे सिनेमे का बंद झाले?"

"बंद नाही. भिंतीवरचा स्पीकर काढला. म्हटलं, एव्हर्टना शांतता मिळेल."

"परत लाव."

येल्मरने माइकेकडे पाहिलं. आलिदा कपाकडे बघत बोलत होती.

"दिवसभर तो मला नर्स समजतो. 'बाई, माझी बायको कधी येणार?' मी म्हणते, येईल हं. पण तुमचा धडधडाट सुरू झाला की ताडकन उठून बसायचा. 'आलिदा, माझी काठी दे. या गाढवाला आज दाखवतोच.' मी काठी द्यायची. मनासारखं ठोकून झालं की माझ्याकडे बघून हसायचा. तुमचा सिनेमा संपेपर्यंत मी आलिदा असायची."

"आणि आता?" माइकेने विचारलं.

"आता पडून असतो. सगळे म्हणतात, बरं झालं बाई, शांत झाला."

कॉफी तशीच ठेवून ती गेली. येल्मरने लगेच शिडी काढली. या वेळी जागा मोजावी लागली नाही. त्याने स्पीकर बसवला, तारा जोडल्या, युद्धाचा एक सिनेमा लावला आणि आवाज वाढवला. खिडकीची तावदानं थरथरली. विमान पाठीमागून आलं आणि डोक्यावरून गेलं. दोघं सोफ्यावर बसली होती, पण पडद्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

भिंत गप्पच होती.

येल्मरने आवाज आणखी वाढवला. बॉम्ब पडले, इमारती कोसळल्या, माणसं ओरडत पळाली. पलीकडून काहीच नाही. शेवटी माइके उठली आणि तिने भिंतीला कान लावला. मग हाताने खूण केली, बंद कर. येल्मरने सिनेमा थांबवला आणि तोही तिच्याजवळ जाऊन भिंतीला कान लावून उभा राहिला.

पलीकडून आलिदाचा आवाज येत होता. हळू, समजावणीचा, रुसलेल्या मुलाशी बोलावं तसा.

"रागव ना रे. एकदा तरी रागव."