दोन किलोंचा आळ

डायलिसिसला आलेले काडीपैलवान आजोबा वजनकाट्यावर चढले आणि आकडा नेहमीपेक्षा दोन किलोंनी जास्त! झालं, आजींनी तिथेच त्यांना फैलावर घेतलं.

"चोरून पाणी ढोसलंत ना? मी मेली घोटघोट मोजून देते, आणि तुम्ही..."

"तुझ्या गळ्याची शपथ, थेंबभरही जास्त नाही प्यायलो!" आजोबा रडवेले झाले.

पंचाईत झाली ती नव्या टेक्निशियन ताईची. अंगात पाणी साठलं असेल तर आज मशीनने ते जास्त ओढायला हवं. पण नसताना ओढलं, तर आजोबांच्या पायात गोळे येऊन बीपी कोसळायचं! तिने त्यांच्या पायावर अंगठा दाबून पाहिला. खळगा पडेना, म्हणजे सूज नाही. बीपी ठणठणीत, धापही नाही. तिने डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी छाती तपासली आणि एवढंच विचारलं, "जेवण कसं चाललंय?"

"विचारूच नका!" आजी फणकारल्या. "हल्ली माझ्या ताटातलंसुद्धा पळवतात!" डॉक्टर हसले आणि त्यांनी कागदावर आजोबांचं नेहमीचं वजनच दोन किलोंनी वाढवून लिहिलं.



"अहो आजी, पाणी कसलं, आजोबांनी बाळसं धरलंय!" ताई टुणकन उडी मारून ओरडली, आणि एकेक हात मशीनला अडकलेल्या सगळ्या पेशंटांनी मोकळ्या हातांनी शेजारच्या पलंगावरच्यांना टाळ्या दिल्या.