शेजारची दाढ

"तुमच्या हातून झालेली एक चूक सांगा," मधोमध बसलेल्या बाई डचमध्ये म्हणाल्या.

स्नेहल या प्रश्नाची वाटच पाहत होती. उत्तर तयार होतं. अकरा वर्षांच्या वैदेहीने आठवडाभर उच्चार दुरुस्त करत आईकडून ते घोकून घेतलं होतं. एका पेशंटची अपॉइंटमेंट चुकीच्या दिवशी लिहिली, माफी मागितली, तेव्हापासून दोनदा तपासून बघते. कुणाचं काही बिघडू नये अशी चूक.

समोर तिघं होते. दोन तरुण प्राध्यापक आणि या बाई. पांढरे केस, चाळीस वर्षं स्वतःचा दवाखाना चालवलेल्या. स्नेहलचाही दवाखाना होता एके काळी, पुण्याला जुन्या सांगवीत. सात वर्षं. पण तिकडच्या पदवीवर इथे दात काढता येत नव्हता. सारंगच्या नोकरीपायी अ‍ॅमस्टरडॅमला आल्यापासून ती शेजारच्या डीमन गावातल्या एका दवाखान्यात मदतनीस होती. दुसऱ्याने दात कोरायचा, हिने सक्शनची नळी धरायची. पुन्हा डॉक्टर व्हायचं तर दंतमहाविद्यालयात विशीतल्या मुलांबरोबर तीन वर्षं बसायला हवं होतं. भाषेची परीक्षा झाली होती, हाताच्या कामाची झाली होती. मुलाखतीत मात्र गेल्या वर्षी ती अडली. 'तुम्ही नक्की कशा आहात ते आम्हाला कळलं नाही,' असं पत्रात होतं.

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या.

"मी एका माणसाची चांगली दाढ काढली," स्नेहल म्हणाली.

असं काही बोलायचं तिने ठरवलं नव्हतं. पण आता थांबताही येत नव्हतं. जयप्रकाश कदम, वय बासष्ट, खालची उजवी बाजू. दवाखाना सुरू होऊन दुसरं वर्ष, शनिवारची गर्दी. दाढ बाहेर आली आणि पक्कडीत धरलेली ती दाढ तिने उजेडात फिरवून बघितली. कुठे कीड नाही, काही नाही. किडलेली दाढ शेजारी जागच्या जागी होती. मग तिने तीही काढली. कापसाचा बोळा ठेवला आणि सांगितलं, "काका, दोन्ही किडल्या होत्या. दोन्ही काढल्या." तोंडात बोळा, बोलता येईना, म्हणून त्यांनी हात जोडले.

"त्यांना हे माहीत आहे?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"का नाही सांगितलंत?"

"त्या दिवशी घाबरले. नंतर त्यांनी बायकोला आणलं, वहिनीला आणलं, नातीला पाठवलं. जितका विश्वास टाकला तितकी सांगायची लाज वाटत गेली. पक्कड लावण्याआधी मी प्रत्येक पेशंटला तीनदा विचारायला लागले. त्यांना मात्र सांगितलं नाही."

दोन ठिकाणी तिचं व्याकरण चुकलं. कुणी दुरुस्त केलं नाही. एका प्राध्यापकाने बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग तिघांनी उठून हात मिळवले आणि मुलाखत संपली.

बाहेर आल्यावर तिला वाटलं, आपल्याच हाताने दार लावून घेतलं आपण. पण गंमत म्हणजे तिला कडकडून भूक लागली होती. स्टेशनजवळ तिने चीजचं सँडविच घेतलं आणि सायकलला टेकून उभ्या उभ्या संपवलं. मग आणखी एक घेतलं.

नऊ दिवसांनी महाविद्यालयाची ईमेल आली. बुधवार होता, वैदेहीची शाळा दुपारीच सुटलेली. आईच्या खांद्यावरून तिने स्क्रीन वाचली आणि डचमध्ये किंचाळली. तिला मराठीत एवढंच सुचलं, "आई, तू आत!" स्नेहलने सारंगला ऑफिसात फोन लावला. तो म्हणाला, "वर्गातल्या पोरांना तेवढं काकू म्हणू देऊ नकोस."

ती खूप हसली. वैदेही मैत्रिणीला सांगायला पळाली. मग स्नेहल फोन घेऊन बाल्कनीत गेली. जयप्रकाशकाकांचा नंबर तिच्याकडे होता. दर दसऱ्याला त्यांचा सोन्याच्या पानांचा मेसेज न चुकता येत असे. पुण्यात आता संध्याकाळ झाली असेल. दुसऱ्याच रिंगला त्यांनी उचलला.

"बोला डॉक्टरबाई! थंडी काय म्हणते तिकडची?"

"काका, तुमची एक दाढ चांगली होती. ती मी चुकून काढली. आणि तुमच्याशी खोटं बोलले. आज सांगतेय, माफ करा."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाल्याचं तिला ऐकू आलं.

"ते मला घरी पोचायच्या आत कळलं होतं," काका म्हणाले. "जी कधी दुखलीच नाही ती किडेल कशी? आणि ते सांगताना तुमचा चेहरा केवढा उतरला होता."

स्नेहलने कठडा घट्ट धरला. "मग तुम्ही परत का आलात माझ्याकडे? नातीला का पाठवलंत?"

"चौतीस वर्षं दापोडीच्या एसटी वर्कशॉपात काढली मी," काका म्हणाले. "चांगला पार्ट हातून मोडला म्हणून ज्या पोराचा चेहरा उतरायचा, ब्रेकचं काम मी त्याच्याच हाती द्यायचो."