दोन वाव दोरी

म्हाताऱ्याने आपल्या पायातल्या दोरीकडे पाहिलं आणि नाक मुरडलं.

"कोणी बांधली ही? गाठ आहे का गंमत?"

म्हातारी धडपडत उठून बसली. तीन रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. म्हणून दुपारची जेवणं आटोपल्यावर तिनं कपडे वाळत घालायच्या दोरीचं एक टोक नवऱ्याच्या घोट्याला बांधलं, दुसरं आपल्या मनगटाला, आणि जरा पाठ टेकली होती. बांधताना तिची तिलाच लाज वाटली. पण करते काय? महिन्याभरात दोनदा ती कोपऱ्यावर दूध आणायला गेली आणि दोन्ही वेळा मागच्या मागे हा पसार! एकदा बसस्टँडवर सापडला, एकदा भर रस्त्यात, अनवाणी. मुलगा म्हणाला, आता पुरे झालं, आई. चार वाजता तो म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या संस्थेचा फॉर्म घेऊन येणार होता. तिची सही झाली की सोमवारपासून बाबा तिकडे.

छत्तीस वर्षं म्हाताऱ्याने बंदरात मूरिंगचं काम केलं होतं. आलेलं जहाज धक्क्याला बांधायचं, निघालेलं सोडायचं. डॉक्टरला तेवढं ठाऊक होतं, म्हणून परवा तो हसत म्हणाला, "आजी, आता आजोबांचंच मूरिंग सुटलंय." घरी येऊन ती पोटभर रडली. मेल्याच्या जिभेला काही हाड?

"आणि आवळलीय किती!" म्हातारा करवादला. "ओहोटी लागली की पाणी उतरतं, बोट खाली जाते. दोरीला ढील नको? लटकेल ना बिचारी!"

त्यानं एक टोक ओढलं आणि गाठ सटकन सुटली. सुटणारच. म्हातारीला येऊन जाऊन ही एकच गाठ येत होती, लग्नानंतर त्यानंच हौसेनं शिकवलेली, एका झटक्यात मोकळी होणारी. पावणेचार झाले होते आणि दार नुसतं लोटलेलं होतं. आता हा उठला की संपलंच.

पण तो उठला नाही. दोन्ही हात पसरून त्यानं दोरी मोजली, एक वाव, दोन वाव. सकाळी शर्टाचं बटण न जमणारी ती बोटं आता भराभर चालली. एक टोक त्यानं आपल्या मनगटाला बांधलं. तिच्या हातावरची जुनी गाठ सोडून नवी घातली आणि तिच्याखाली बोट सरकवून पाहिलं, काचत तर नाही ना.

"मी कोण, सांगा बघू?" तिनं रोजच्यासारखं विचारलं.

"हात हलवू नकोस," तो म्हणाला.

तेवढ्यात मुलगा आला आणि दारातच थबकला.

"आई! अगं, बांधून ठेवलंस त्यांना? हेच म्हणतोय मी. तुझ्याच्यानं होणार नाही आता." त्यानं फॉर्म टेबलावर ठेवला, खिशातलं पेन काढलं आणि दोरी सोडायला वाकला.

म्हातारा मध्ये आला.

"दोरीला हात लावू नका, साहेब. दोनदा सुटून गेलीय ती. मी झोपलो होतो, उठून बघतो तर जागेवर नाही. कुठे कुठे शोधायची? बसस्टँडपर्यंत गेलो. चपला घालायचंही सुचलं नाही."

मुलानं आईकडे पाहिलं. त्यानं पुन्हा तिच्या मनगटावरच्या गाठीकडे हात नेला, तसा म्हातारीनं आपला हात पाठीमागे घेतला.

"राहू दे रे," ती म्हणाली. "काचत नाहीये."