खरंखुरं आदिवासी नृत्य

"पण तू आदिवासी वाटत नाहीस," सर म्हणाले.

गॅदरिंगच्या आदल्या संध्याकाळची रंगीत तालीम. आरती आजीचं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून उभी होती. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या ठाकरवाडीत जन्मलेली, तिथंच वाढलेली पोर. आजीनं शिकवलेला फेराचा नाच तिनं नगरच्या कॉलेजातल्या मैत्रिणींना महिनाभर घोटून शिकवला होता, गाण्यासकट. आणि आता म्हणे ती आदिवासी वाटत नाही. कप्पाळ!

"पानं कुठायत? भाले? अंगाला काळा रंग?"

"सर, आमच्यात पानं नेसत नाहीत. लुगडंच नेसतात."

"मला शिकवू नकोस. मी दर वर्षी काजवे बघायला तुमच्याकडे भंडारदऱ्याला येतो."

काजवे बघायला माणूस अंधारात येतो आणि अंधारातच परत जातो. त्याला वाडीतली माणसं दिसायची कुठून?

आरतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी पानं नेसणार नाही," तिनं सांगून टाकलं. सरांनीही सांगून टाकलं, मग बाहेर बस. तिची जागा संस्कृती नावाच्या मैत्रिणीला मिळाली. गाणं कुणाला कळणार, म्हणून तेही काढलं. त्याऐवजी भाले आपटत 'हू हू' करायचं ठरलं. बरं, मैत्रिणी तरी काही बोलतील? त्या थोडा वेळ चुळबुळल्या आणि निमूट रंग फासायला बसल्या.

आरतीला घोर लागला तो आजीचा. जीपवाल्याच्या हाती तिनं आधीच निरोप धाडला होता, तुझा नाच स्टेजवर हाय, बघायला ये. आजी छबूबाई जन्मात कधी नगरला आली नव्हती. वाडीत मोबाईलला रेंज नाही. आता येऊ नको म्हणून कळवायचं कसं?

दुसऱ्या दिवशी हॉल खच्चून भरला. "आता पाहूया अकोल्याच्या डोंगरातलं खरंखुरं आदिवासी नृत्य," माईकवरून पुकारा झाला. काळा रंग फासलेल्या पोरी कमरेला पानं बांधून स्टेजवर उड्या मारायला लागल्या. शिट्ट्यांनी छप्पर उडायचं बाकी होतं. पहिल्या रांगेत सर उभं राहून टाळ्या पिटत होते.

एसटी उशिरा आली, म्हणून छबूबाई आत शिरली ती नाच सुरू झाल्यावरच. नात दिसली तशी गर्दीतून वाट काढत तिच्याशेजारी येऊन टेकली. कपाळावरचा घाम पुसला. बराच वेळ ती स्टेजकडे बघत राहिली. तिला त्या पोरींची कीव आली.

"आपला नाच यायचाय न्हवं अजून?" तिनं हळूच विचारलं. "अन् ही कुठल्या मुलखातली गं मानसं? अंगावर धड कापडबी न्हाई बिचाऱ्यांच्या."

आरतीनं आजीचा हात घट्ट धरला.

"हाच आपला नाच हाय, आजी. अन् ही मानसं म्हंजी आपुन."